रिग, तारा आणि जोडण्या : हॅम वाचकांचे प्रश्न

या वेळच्या हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक, वाचकांच्या बहुतेक पत्रांत एकच ओढ दिसते. घरात चालू रेडिओ संच (रिग) आहे, आता त्याला काहीतरी जोडायचं आहे किंवा त्याची ताकद वाढवायची आहे. उत्तरं वाचण्याआधी दोन वस्तू जवळ ठेवा : एक बरा मल्टिमीटर आणि ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, ताकद उष्णतेत जिरवणारा रोध). डमी लोड घरी बनतो. १ किलोओहम, २ वॉटचे २० मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॉट मिळतात. वायरवाउंड रेझिस्टर मात्र घेऊ नका. आत तारेचं वेटोळं असल्यामुळे आरएफला, म्हणजे रेडिओ वारंवारतेला, त्यांचा रोध ५० ओहम राहत नाही, आणि मग मोजलेला प्रत्येक आकडा फसवा निघतो.

प्रश्न : माझ्याकडे बिटएक्स ४० (४० मीटर बँडचा, स्वतः जोडायचा संच) आहे. १२ व्होल्टवर सात वॉटच्या आसपास मिळतात. पीएला (पॉवर अॅम्प्लिफायरला) २४ व्होल्ट दिले तर वीस वॉट मिळतात असं ऐकलं. थेट २४ व्होल्टचा अॅडॅप्टर लावू का? (सातारा)

थेट लावलात तर बोर्ड जाईल. हैदराबादचे अशर फरहान यांनी रचलेल्या या बोर्डावर पॉवर अॅम्प्लिफायरचा पुरवठा वेगळ्या पिनवरून घेतलेला आहे, तो याच सोयीसाठी. २४ व्होल्ट फक्त त्या पिनला द्यायचे. बाकीचा बोर्ड, रिले, ऑडिओ आणि राडुइनो (वारंवारता ठरवणारा छोटा बोर्ड) १२ व्होल्टवरच राहतात. दोन्ही पुरवठ्यांचा ऋण ध्रुव एकत्र जोडलेला हवा. पीएच्या ओळीवर जे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहेत त्यांच्यावरचा आकडा वाचा. १६ किंवा २५ व्होल्टचा असेल तर काढून ५० व्होल्टचा घाला.

आता उष्णतेचा हिशेब. २४ व्होल्टला सुमारे १.७ अँपिअर खेचले तर ४० वॉट आत जातात, २० बाहेर पडतात आणि उरलेले २० वॉट पीएच्या आयआरएफ५१० या ट्रान्झिस्टरला पचवावे लागतात. या मॉस्फेटचा आतल्या चिपपासून धातूच्या पाठीपर्यंतचा उष्णतारोध दर वॉटला ३.५ अंश आहे. म्हणजे पाठीपेक्षा चिप ७० अंशांनी गरम. मधल्या अभ्रकाचे किंवा सिलिकॉन पॅडचे आणखी वीसेक अंश धरा. हीटसिंक ६० अंशांवर असेल तर चिप १५० वर पोचते, आणि तिची कमाल मर्यादा १७५ आहे. बोलताना सरासरी याच्या निम्मीही भरत नाही, पण डिजिटल मोडमध्ये किंवा लांब शिट्टी मारून ट्यून करताना पुरेपूर भरते. सोबत येणारा छोटा हीटसिंक या कामाला पुरत नाही. हाताचा पंजा मावेल एवढा, उभ्या पात्यांचा अॅल्युमिनियमचा तुकडा घ्या आणि त्यावर १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा लावा. आयआरएफ५१० ची पाठ म्हणजेच ड्रेन. तिथे पूर्ण पुरवठा असतो. अभ्रक आणि स्क्रूची प्लॅस्टिक बुशिंग विसरलात की खोक्याला शॉर्ट होतो. बसवून झाल्यावर पाठ आणि हीटसिंक यांत मल्टिमीटरने सातत्य तपासा. मीटर वाजला नाही पाहिजे.

पुरवठा बदलला की बायस (मॉस्फेटच्या गेटवरचं स्थिर व्होल्टेज) नव्याने लावावाच लागतो. क्रम असा : अँटेनाच्या जागी डमी लोड. पीएच्या धन तारेत अँपिअर मीटर, आणि त्याच तारेत १ अँपिअरचा फ्यूज. मॉस्फेटच्या गेटवर मीटर धरून बायसचा प्रीसेट (छोटा फिरवता रेझिस्टर) सर्वांत कमी व्होल्टेज दाखवेल त्या टोकाला न्या. कोणतं टोक ते डोळ्यांनी ठरवू नका. माइक काढून पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) दाबा आणि प्रीसेट केसभर केसभर फिरवा. तीन-चार व्होल्टपर्यंत काहीच होत नाही, मग करंट एकदम चढतो. १०० मिलिअँपिअरला थांबा. आयआरएफ५१० मारण्याची सगळ्यांत सोपी जागा हीच. मॉस्फेट तापला की त्याचा थ्रेशोल्ड (चालू होण्याचं व्होल्टेज) उतरतो आणि करंट आपोआप वाढतो, म्हणून पाच मिनिटं चालवून गरम अवस्थेत पुन्हा मोजा. १३० च्या पुढे सरकत असेल तर प्रीसेट मागे घ्या. सगळं जमलं की मग ३ अँपिअरचा फ्यूज.

एक काम बहुतेक जण सोडतात. ताकद वाढली की हार्मोनिक्सही (मूळ वारंवारतेच्या पटीतले नको असलेले सिग्नल) वाढतात. ७ मेगाहर्ट्झचे १४ आणि २१ वर सांडतात, म्हणजे शेजारच्या हॅमच्या कानात. बाहेर आणखी एक लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) लावणं आम्ही आवश्यक मानतो. एका ओळीत तीन कॉइल, आणि चार बिंदूंवरून ग्राउंडला कपॅसिटर : २७०, ६८०, ६८० आणि २७० पिकोफॅरड. कॉइलसाठी टी५०-२ ही लाल रिंग घ्या. १७, १९ आणि १७ फेरे. फेरा म्हणजे तार भोकातून जितक्यांदा गेली तितके. हे फेरे गरजेपेक्षा किंचित जास्त इंडक्टन्स देतात, म्हणून रिंगभर सारखे पसरा. कपॅसिटर एनपी० किंवा सिल्व्हर मायका, २०० व्होल्टचे. २० वॉटला ५० ओहमवर ४५ व्होल्टचं शिखर येतं, आणि अँटेना जुळत नसेल तर ते जवळजवळ दुप्पट होतं.

एवढं केल्यावर मिळतं काय? सातवरून वीस वॉट म्हणजे ४.६ डेसिबल. समोरच्याच्या मीटरवर एक एस-युनिटही (सुमारे ६ डेसिबल) पुरता नाही. तुमचा डायपोल (मधोमध जोडलेली तारेची अँटेना) जमिनीपासून चारच मीटरवर असेल तर तो आठवर नेणं हे आधीचं काम. दोर आणि बांबू या सगळ्या सामानापेक्षा स्वस्त पडतात.

प्रश्न : १०० वॉटचा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा) संच आहे. बोलताना जोरात शब्द आला की डिस्प्ले मंद होतो, कधी संच बंदच पडतो. बॅटरी नवी आहे, तार पाच मीटर, अडीच स्क्वेअरची. संच बिघडला का? (नाशिक)

संच ठीक असावा. दोष तारेत आहे. अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ८ मिलिओहम. पाच मीटर जायला, पाच यायला, असे दहा मीटर, म्हणजे ८० मिलिओहम. १०० वॉटला संच २० अँपिअर खेचतो. म्हणजे १.६ व्होल्ट तारेतच जिरले. लेड-अॅसिड बॅटरी एवढ्या भाराखाली १२.२ वर आली तर संचाला मिळतात १०.६. यातल्या बहुतेक संचांना १३.८ व्होल्ट, पंधरा टक्के इकडेतिकडे लागतात. खालची मर्यादा ११.७.

अंदाजावर न राहता मोजून बघा. डमी लोड लावा. या भाराला तो १०० वॉटचा हवा, वर सांगितलेला ४० वॉटचा तीन-चार सेकंदच. एफएम किंवा सीडब्ल्यूवर (मोर्सवर) कॅरिअर, म्हणजे सलग सिग्नल, द्या. मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन ध्रुवावर आणि दुसरं संचाच्या धन जोडणीवर धरा. जो आकडा दिसेल तो त्या तारेत हरवलेला. मग तसंच ऋण बाजूला. फ्यूजहोल्डरच्या अलीकडे-पलीकडेही मोजा. स्वस्त काचेच्या फ्यूजहोल्डरमध्ये अर्धा व्होल्ट सहज जातो, आणि हात लावला तर तो कोमट लागतो.

उपाय : बॅटरी संचापासून दीड मीटरवर आणा आणि तार ६ स्क्वेअरची घ्या. तिचा रोध मीटरला ३.३ मिलिओहम. जाऊन-येऊन तीन मीटरचे दहा मिलिओहम, म्हणजे ०.२ व्होल्ट. टोकांना लग क्रिम्प करा. तारेला पीळ देऊन स्क्रूखाली दाबू नका, सहा महिन्यांत ती काळी पडते. फ्यूज ब्लेड प्रकारचा, २५ किंवा ३० अँपिअरचा, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज संच वाचवण्यासाठी नसतो, तार पेटू नये म्हणून असतो. त्यामुळे तो संचाजवळ लावला तर अर्धा हेतू बुडतो.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घेणार असाल तर चार सेलची घ्या. वापरात ती १३ व्होल्टच्या आसपास टिकून राहते, आणि संचाला तेच आवडतं. तिचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) ३० अँपिअर सलग सोसणारा हवा. २० चा असेल तर शब्दागणिक तोडेल. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर संच चालवायचा असेल तर त्या वेळी इन्व्हर्टर वेगळा करा. त्याचा चार्जर एचएफवर सगळीकडे खरखर पसरवतो.

प्रश्न : जुना याएसू एफटी-८५७ आहे. एफटी८ (संगणकावरून चालणारा डिजिटल मोड) साठी इंटरफेस विकत न घेता बनवायचा आहे. सर्किट सांगाल का? एकदा कुणाचं बघून केलं तर संगणक चालू केल्याबरोबर संच ट्रान्समिटला जाऊन बसला. (डोंबिवली)

मागच्या सहा पिनच्या मिनी-डिन डेटा सॉकेटवरच काम करा, माइकच्या सॉकेटला हात नको. १ डेटा इन, २ ग्राउंड, ३ पीटीटी, ४ आणि ५ वर अनुक्रमे ९६०० आणि १२०० बिट वेगाच्या डेटाचा ऑडिओ, ६ स्क्वेल्च. तुम्हाला १, २, ३ आणि ५ लागतील. चित्र सॉकेटचं आहे की प्लगच्या सोल्डर बाजूचं हे पाहूनच तारा लावा. आरशासारखी अदलाबदल होते, आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

सामान : यूएसबी साउंड डोंगल, ६०० ओहमला ६०० ओहमचे दोन ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, पीसी८१७ ऑप्टो (प्रकाशातून जोडणारा, दोन बाजू वेगळ्या ठेवणारा स्विच), यूएसबी ते सीरियल टीटीएल मॉड्यूल, रेझिस्टर १० किलोओहम, १ किलोओहम आणि १०० ओहम, १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ हे सगळं एका फेरीत मिळावं.

जाणारा आवाज : डोंगलच्या हेडफोन जॅकचं टोक आणि ग्राउंड पहिल्या ट्रान्सफॉर्मरला. दुसऱ्या बाजूने १० किलोओहम मालिकेत, मग पिन १. पिन १ आणि २ यांच्यामध्ये १०० ओहम. संचाला इथे ४० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक लागतात, डोंगल १ व्होल्ट आरएमएसपर्यंत, म्हणजे सुमारे २.८ व्होल्ट पीक-टू-पीक देतो, त्यामुळे शंभरास एक ही घट जवळपास बसते. कमी पडलं तर १०० च्या जागी १५० किंवा २२० ओहम. स्टिरिओ जॅकमध्ये मोनो प्लग घालू नका, उजवा चॅनेल ग्राउंड होतो.

येणारा आवाज : पिन ५ आणि २ दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरला, त्याची पलीकडची बाजू डोंगलच्या माइक इनला. या माइक इनवर इलेक्ट्रेट माइकसाठी डीसी असतो. तो ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून वाहू नये म्हणून मध्ये १० मायक्रोफॅरड, धन टोक डोंगलकडे.

आता तुमचा जुना त्रास. टीटीएल मॉड्यूलची आरटीएस लाइन (जिच्यावरून संगणक ट्रान्समिटचा हुकूम देतो) उलटी चालते : निवांत असताना वर, हुकूम आला की खाली. म्हणून ऑप्टोचा एलईडी मॉड्यूलच्या पुरवठ्यापासून १ किलोओहममधून ऑप्टोच्या पिन १ ला, आणि ऑप्टोची पिन २ आरटीएसला. एलईडी आरटीएस आणि ग्राउंडमध्ये लावला तर संच कायम ट्रान्समिटवरच राहतो. दुसरा सापळा असा की मॉड्यूल ३.३ व्होल्टचं आणि एलईडीला दिले ५ व्होल्ट. मग निवांत अवस्थेतही थोडा करंट झिरपतो आणि संच अर्धवट ट्रान्समिटला जातो. मॉड्यूलची लॉजिक पातळी आणि एलईडीचा पुरवठा एकच ठेवा. ३.३ ला रेझिस्टर ४७० ओहमचा. ऑप्टोची पिन ४ पीटीटीला, पिन ३ ग्राउंडला. एवढं बरोबर असूनही संगणक सुरू होताना काही ड्रायव्हर आरटीएस क्षणभर हलवतात. त्यामुळे विंडोज पूर्ण उघडल्यावरच संच चालू करायची सवय लावा.

ट्रान्सफॉर्मर आणि ऑप्टो यांचा सगळा फायदा एका तारेने जातो, आणि ती म्हणजे साधी कॅट केबल (संगणकावरून संच नियंत्रित करणारी). तिने संगणकाचं आणि संचाचं ग्राउंड पुन्हा एकत्र येतं आणि घरघर परतते. कॅटही हवी असेल तर यूएसबी आयसोलेटर घ्या, त्यामागे हब, आणि हबला डोंगल व सीरियल दोन्ही. मग ऑडिओ ट्रान्सफॉर्मरची गरजच उरत नाही.

पातळी लावताना संचाची पॉवर ३० वॉटवर आणा. एफटी८ मध्ये पंधरातले जवळपास तेरा सेकंद पूर्ण कॅरिअर असतो, शंभर वॉटवर पीए भाजून निघतो. संगणकाचा आवाज वाढवत न्या. एएलसी (जास्त पातळीला लगाम घालणारं सर्किट) जागा झाला की तिथून मागे घ्या, तो शून्यावर येईपर्यंत. विंडोजचे घंटानाद दुसऱ्या साउंड कार्डवर वळवा. टोन १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवा, म्हणजे ऑडिओत चुकून हार्मोनिक झाला तरी तो फिल्टरच्या बाहेर पडून थांबतो.

प्रश्न : फ्लॅटच्या गच्चीवर एंड-फेड (एका टोकाकडून जोडलेली तारेची) अँटेना आहे. ट्रान्समिट करताना माइकचा धातू ओठांना चटका देतो, संगणकाचा माउस अडकतो. (ठाणे)

एंड-फेडला परतीची वाट हवी असते. तुम्ही दिली नाहीत म्हणून तिने कोअॅक्सची (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलची) बाहेरची जाळी निवडली, आणि त्या वाटेचं टोक तुमच्या टेबलावर आहे. ४९:१ ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडला दोन मीटर तार काउंटरपॉइज म्हणून जोडा. मग संचाच्या बाजूला, कोअॅक्स खोलीत शिरते तिथे, चोक (जाळीवरचा करंट अडवणारं वेटोळं) लावा : एफटी२४०-४३ रिंगवर आरजी-५८ चे ११ किंवा १२ फेरे. दहा रिंगा ओळीत ओवण्यापेक्षा एका रिंगवर दहा फेरे कितीतरी बरे, कारण अडवणूक फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. तारेवर चाप लावून बसणारा एक मणी एचएफवर जवळजवळ काहीच करत नाही. माउसच्या आणि यूएसबीच्या तारेलाही अशाच छोट्या रिंगवर सहा-सात फेरे द्या.

पॉवर सप्लायची तिसरी पिन काढून हा त्रास घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती जिवाची पिन आहे.

प्रश्न : हातातला दोन बँडचा चिनी संच आहे. बाहेरची अँटेना आणि स्वतः बनवलेला स्पीकर-माइक लावायचा आहे. माइक लावला की संच ट्रान्समिटलाच जातो. (मडगाव)

या संचांवरची दोन प्लगची केनवुड पद्धतीची जोडणी फसवी आहे. ३.५ मिलिमीटरच्या प्लगची बाहेरची बाही ग्राउंड नाही. ग्राउंड २.५ च्या बाहीवर असतं, आणि या दोन बाह्या एकमेकींना टेकल्या की तेच पीटीटी. तुम्ही दोन्ही तारांच्या जाळ्या एकत्र सोल्डर केल्या असणार. त्या वेगळ्या करा आणि पीटीटीचं बटण त्यांच्यामध्ये घाला.

अँटेनासाठी जाड कोअॅक्स थेट संचाच्या एसएमए या छोट्या सॉकेटवर लावू नका. तिच्या वजनाने सॉकेट बोर्डापासून उखडतं. वीतभर बारीक पिगटेल मध्ये घ्या. १५ मीटर आरजी-५८ वर १४५ मेगाहर्ट्झला सुमारे ३ डेसिबल, म्हणजे निम्मी ताकद, तारेतच संपते. आरजी-२१३ ला सव्वाच्या आसपास. कोकण-गोव्याच्या पावसात अँटेनाकडचं कनेक्टर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेपने खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे बसतात. वरून साधी इन्सुलेशन टेप, आणि घरात शिरण्याआधी तारेला खाली झोळ. एकदा जाळीत पाणी शिरलं की ती तार वाळवून सुधारत नाही, बदलावीच लागते.

तूर्त काहीच करायचं नसेल तर ४९ सेंटिमीटरची तार संचाच्या अँटेना सॉकेटच्या बाहेरच्या धातूला जोडून खाली लोंबती सोडा. १४५ वर रबरी अँटेनाला तेवढाही आधार पुरतो.

प्रश्न : संचातला एक डायोड काढला की तो सगळीकडे ट्रान्समिट करतो म्हणे. आपत्तीत उपयोगी पडेल म्हणून करून ठेवावं का? (चिपळूण)

करू नये. पूर आला तर मदत होते ती आपल्याच बँडवर, ऐकणाऱ्या हॅमपर्यंत आवाज पोचला तर. दुसऱ्या सेवेच्या वाहिनीवर अचानक बोललात तर तिथलं चालू काम अडतं. उलट आम्ही दुसरी काळजी घ्यायला सांगू. भारतात आपल्याला १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहेत, आणि बाहेरून येणारे संच कोणताही बदल न करता १४८ किंवा ४४० पर्यंत ट्रान्समिट करतात. रिपीटरचा (आपला सिग्नल ऐकून पुन्हा पाठवणाऱ्या केंद्राचा) शिफ्ट, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या वारंवारतांमधला फरक, चुकून अधिक ठेवला तर १४५.६०० वर ऐकताना तुम्ही १४६.२०० वर बोलता. संगणकावरून चॅनेल भरताना शिफ्टची दिशा तपासा, आणि शक्य त्या संचात खालची-वरची मर्यादाही तिथेच घाला.

प्रश्न : संगणकाचा हेडसेट याएसूच्या माइक सॉकेटला लावला, आवाज जवळजवळ नाहीच. (इंदूर)

सोबतचा माइक डायनॅमिक आहे, हेडसेटचा इलेक्ट्रेट. त्याला जगायला व्होल्टेज लागतं. सॉकेटवर ५ व्होल्टची पिन आहे. तिथून १ किलोओहम, मग ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड, मग २.२ किलोओहममधून माइकला. माइकपासून १ मायक्रोफॅरडमधून संचाच्या माइक पिनला. माइकच्या दोन टोकांवर १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक टाका, आरएफ शिरणार नाही. नंतर माइक गेन निम्म्यावर आणा, कारण इलेक्ट्रेट डायनॅमिकपेक्षा बराच जोरात बोलतो.